धुराची ओळखपरेड

सकाळी सात वाजता अप्पांनी मला पेढा खायला उठवलं, तेव्हाच माझं डोकं फिरलं. समोरचा माणूस दात घासायच्या आधी पेढा पुढे करतो, तेव्हा एकतर त्याला आनंदाने वेड लागलेलं असतं, नाहीतर त्याचा कुणावरचा तरी सूड पुरा झालेला असतो. आमच्या अप्पांच्या बाबतीत दुसरं खरं होतं.

"एकतीस टक्के," ते फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाले. "वीस वर्षं घसा फोडून सांगत होतो. सगळे म्हणायचे, खटावकर चक्रम आहे. आता तुमचं मशीनच बोलतंय."

फोनवर आमच्या वॉर्डाचं रंगीत चक्र होतं. गेल्या नव्वद दिवसांत भडभुंजे आळीच्या हवेत जे बारीक कण होते, त्यातले एकतीस टक्के एकाच लाल पाकळीत बसले होते आणि पाकळीवर लिहिलं होतं, 'परदेशी फुटाणे भट्टी, घर क्र. १४'. नियम असा की एकच स्रोत पंचवीस टक्क्यांच्या वर गेला की सुनावणी, आणि सुनावणीत नवं काही निघालं नाही तर त्याच दिवशी सील. सुनावणी पुढच्या शुक्रवारी होती. आज बुधवार. म्हणजे फुलाबाई परदेशींच्या भट्टीला नऊ दिवस उरले होते, आणि ती भट्टी त्यांच्या आजेसासऱ्यांनी बांधलेली होती.

"अप्पा, दुसरं काही येत नाही हो त्या बाईला. काय करेल ती?"

"गॅसवर भाजेल."

"त्या मापाची कढई गॅसवर तापवली तर फुटाणे बदामाच्या भावाने विकावे लागतील."

"मग लोक बदाम खातील. तब्येतीला बरे," असं म्हणून ते शेजाऱ्यांकडे पेढे वाटायला गेले.

माझे वडील रंगराव खटावकर हे दस्त नोंदणी कार्यालयात कारकून होते. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते खिडक्या बसवलेल्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले आणि त्यांना पूर्वेकडून येणारा धूर दिसला. आळीच्या त्या टोकाला फुलाबाईंची भट्टी आहे, तिच्यामागे नदी. बस, तेव्हापासून वीस वर्षं ते वहीत धुराची नोंद करतात. तारीख, वार, वेळ, धूर विरळ की दाट, डोळे चुरचुरतात की नाही. चौदा वह्या झाल्या आहेत. एकही पान कोरं नाही, एकाही ओळीत खाडाखोड नाही. महिन्याच्या शेवटी त्यातून तक्रारअर्ज तयार होतो. विषय, संदर्भ, सोबत जोडलेली कागदपत्रं, सगळं शिस्तीत. आई होती तेव्हा म्हणायची, यांनी मला एक पत्र लिहिलं नाही आणि त्या बाईवर दीडशे लिहिली.

आणि मी? मी महापालिकेच्या हवा कक्षात कंत्राटावर आहे. ज्या मशीनने अप्पांना पेढे वाटायला लावले, त्याला धूर ओळखायला मीच शिकवलं. त्यामुळे कुणावर चिडायचं हाही प्रश्नच होता.

मशीन पाण्याच्या टाकीवर बसवलंय. सरकारी नाव 'कणओळख', आळीने ठेवलेलं नाव 'चुगलखोर'. ते आल्यापासून आठ महिन्यांत आळीत कुणी कुणाशी धड बोलत नाही. गायकवाडांच्या जुन्या स्कूटरची पाकळी फुगली तेव्हा त्यांच्या जावयानेच त्यांना सुनावलं. धूप जाळण्यावरून दोन जावांनी देवघरं वेगळी केली. इडलीवाल्याने तर जाहीर केलं की त्याची पाकळी एक टक्क्याच्या आत आहे, आणि गाडीवर तसा फलक लावला. सकाळी उठून देवाच्या आधी लोक ते चक्र बघतात.

चुगलखोर काम कसं करतो हे सांगायला हवं, नाहीतर माझी चूक कळणार नाही.

आपल्याला धूर दिसतो तो एकसंध. पण तो असतो कणांचा, आणि त्यातले सगळ्यात वाईट कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. मशीन हवा आत ओढतं, कणांना एका ओळीत उभं करतं आणि लेझरचा एकेक फटका मारून प्रत्येक कण फोडतं. फुटलेल्या तुकड्यांची वजनं बघून तो कशाचा बनला होता ते कळतं. लाकूड जळलं की पोटॅशियम आणि एक विशिष्ट जळकी साखर सापडते. गाडीच्या ब्रेकमधून बेरियम आणि तांबं येतं. रस्त्याच्या धुळीत वाळूचं सिलिकॉन. प्रत्येक धुराला अशी आपली चेहरेपट्टी असते.

पण चेहरा ओळखायचा तर आधी फोटो हवा. म्हणून एक संग्रह करावा लागतो. स्टीलची नळी आणि गाळणकागद घेऊन मी शहरभर फिरले, बसच्या मागे, तंदूरच्या वर, डासांच्या कॉइलपाशी, सिमेंट उतरवणाऱ्यांच्या मध्ये. असे बेचाळीस नमुने जमवले. मशीन हवेतला प्रत्येक कण या बेचाळीस चेहऱ्यांशी ताडून बघतं.

आणि एखादा कण यापैकी कुणासारखाच नसेल तर? कुठल्याही शहाण्या मशीनने म्हणावं, मला माहीत नाही. आमचं मशीन आधी तसं म्हणायचं. पण निविदेच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, "'इतर' म्हणजे कोण? दंड कुणाला करायचा?" मग अट घातली गेली की 'इतर' पाच टक्क्यांच्या आत असलं पाहिजे. तेव्हापासून मशीन न ओळखलेला कण सगळ्यात जवळच्या चेहऱ्याच्या नावावर टाकून मोकळं होतं. हे मला माहीत होतं. सगळ्या हवा कक्षाला माहीत होतं.

त्या दिवशी दुपारी मी फुलाबाईंकडे गेले. साठीच्या आहेत, आवाज खणखणीत. भट्टीच्या तोंडाशी बसून त्या काळ्याभोर वाळूत हरभरे उलटेपालटे करत होत्या. बाजूला हळद-मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवलेल्या हरभऱ्यांची पोती होती.

"बस की, उभी का?" त्या म्हणाल्या. "का सील लावायला आलीस?"

"सील मी लावत नाही फुलामावशी. मी फक्त धूर गोळा करते."

"मग कर की गोळा आणि बांध तुझ्या अप्पाच्या उशाला."

त्यांनी झाऱ्याने फुटाणे चाळणीत घेतले, वाळू खाली पाडली आणि एक मूठ माझ्या हातावर ठेवली. भांडतानासुद्धा या बाईच्या हातून कुणी रिकामं जात नाही.

"माझा धूर होतो, मी नाही कुठं म्हणते?" त्या म्हणाल्या. "भट्टीच आहे ही. पण तुझा बाप सोमवारचा धूरसुद्धा माझ्या नावावर लिहितो. सासूबाईंपासून सोमवारी वाळू तापवायची नाही अशी रीत आहे आमच्यात. चूल थंडगार असते. तो म्हणतो, दार लावून चोरून पेटवते. फुटाणे चोरून भाजतात का कधी? वास काय पदराखाली झाकू?"

"तुम्ही हे लेखी का नाही देत?"

"दिलं की. दोनदा. त्याच्या वह्यांपुढं माझा कागद कोण बघतो?" त्यांनी लाकूड आत सारलं. "आणि तुझी आई गेली तेव्हाचं सांगू? दोन पोती हरभरा भिजवून तयार होता. पण आळीतलं माणूस गेलं की तीन दिवस आम्ही भट्टीत काडी घालत नाही. सगळा हरभरा मोडावला, गाईंना घातला. त्याचं काही नाही. वहिनी माझ्याशी चांगली होती. पण चौथ्या दिवशी दारात काय आलं? तुझ्या बापाच्या तक्रारीची नोटीस. काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. वाचवलंच नाही मला."

मी फुटाणे ओढणीत बांधले आणि ऑफिसात परत आले.

सोमवारची गोष्ट तपासणं सोपं होतं. चक्रात फक्त टक्के दिसतात, पण मशीनच्या पोटात प्रत्येक कणाची वेळ साठवलेली असते. तीन महिन्यांतले तेरा सोमवार मी बाहेर काढले. सोमवारीही भट्टीची लाल पाकळी होतीच, इतर दिवसांहून थोडीच लहान. ती बहुतेक संध्याकाळी फुगलेली. मग मी टक्के सोडून कण उघडून बघितले. लाकूड होतं, आंबा आणि बाभूळ, भट्टीत जळतं तेच. पण भट्टीच्या माझ्या नमुन्यात वाळू आणि मीठ होतं, त्याचा इथे पत्ता नव्हता. त्याऐवजी कॅल्शियम होतं, फॉस्फरस होता आणि अगदी किंचित पारा.

कॅल्शियम आणि फॉस्फरस म्हणजे हाडं. पारा म्हणजे दातांत भरलेली चांदी, ती पाऱ्यात कालवलेली असते.

मी खुर्चीत मागे टेकले. मला आश्चर्य वाटलं असं म्हणणं खोटं ठरेल. मला लाज वाटली.

कारण त्रेचाळिसावा नमुना घ्यायला मी गेले होते. नदीपलीकडच्या स्मशानभूमीत, दीड वर्षापूर्वी. विद्युतदाहिनी आहे तिथे, पण बहुतेक लोक लाकडंच सांगतात आणि ती येतात आळीच्या कोपऱ्यावरच्या वखारीतून, म्हणजे भट्टीची लाकडं येतात तिथूनच. माझ्याकडे नळी होती आणि एक फॉर्म होता. फॉर्मवर रकाना होता, 'स्रोतमालकाची संमती व सही'. चितेचा मालक कोण? तीन दिवस मी तो फॉर्म हातात घेऊन तिथल्या पिंपळाखाली उभी राहिले. दर तासा-दोन तासांनी कुणाची तरी माणसं यायची. त्यांच्यापुढे जाऊन 'तुमच्या वडिलांच्या धुरात नळी धरू का' असं विचारायला माझं तोंड उघडेना. चौथ्या दिवशी मी रकान्यात लिहिलं, 'स्रोत उपलब्ध नाही'. आणि पुढच्या तंदूरकडे गेले.

म्हणजे मशीनला तो चेहरा कधी दाखवलाच नाही. मग नदीवरून येणारा धूर बघून त्याने संग्रहातला सगळ्यात जवळचा चेहरा निवडला. तेच लाकूड, तीच पूर्व दिशा. संध्याकाळी हवा गार झाली की धूर वर चढत नाही, नदीच्या पात्रावरून सरपटत थेट आळीत शिरतो. अप्पांनीही वीस वर्षं हेच केलं होतं. फरक इतकाच की मशीनला शिकवणारी मी होते, अप्पा आपले आपण शिकले होते.

गुरुवारी मी स्मशानातल्या नोंदवहीची गेल्या वीस वर्षांची प्रत घेतली. अग्नी दिल्याच्या वेळा आणि सोमवारच्या पाकळीची वाढ एकमेकांवर ठेवली. दर वेळी अग्नीनंतर तासा-दीड तासाने पाकळी फुगत होती. कागद घेऊन मी आमचे प्रमुख नाईकनवरे साहेब यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि चष्मा काढला.

"मॅडम, चिता हा स्रोत होऊ शकत नाही."

"का?"

"तिला घर क्रमांक नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "लोक सकाळी पोहे खाताना हे चक्र बघतात. त्यात असली पाकळी दाखवायची? 'इतर'मध्ये टाका."

"'इतर' पाचच्या वर जात नाही साहेब. निविदेची अट आहे, खाली तुमचीच सही आहे."

"मग राहू द्या आहे तसं."

"आणि भट्टी?"

त्यांनी फाइल पुढे ढकलली. "हे बघा, यात तक्रारदाराचं शपथपत्र आहे. बाई सोमवारी दार लावून चोरून पेटवते, वीस वर्षांच्या नोंदी सोबत. तुमचं म्हणणं मानायचं तर हे खोटं ठरवावं लागेल. कोण हे तक्रारदार? तुमचेच वडील ना? आधी घरात मिटवा, मग इथे या."

शास्त्र शिकले, मशीन शिकवलं, तेरा सोमवार उपसले आणि शेवटी सगळं येऊन थांबलं कशावर, तर माझ्या बापाच्या सहीवर. रिक्षात बसून मी इतकी धुमसत होते की रिक्षावाल्याने आरसा फिरवून घेतला.

शनिवारी अप्पा वाचनालयात गेलेले असताना मी त्यांच्या वह्या खाली काढल्या. म्हटलं, त्यांच्याच नोंदी स्मशानाच्या नोंदवहीशी जुळवू, म्हणजे वाद उरणार नाही. आणि जुळत होत्या. माझ्या मशीनपेक्षा चांगल्या जुळत होत्या. या माणसाने आपल्या डोळ्यांनी आणि एका मनगटी घड्याळाने गावातल्या मरणांची वेळापत्रकं लिहून ठेवली होती, नाव तेवढं चुकीचं टाकलं होतं. मी एकेका तारखेवर खूण करत नवव्या वहीपर्यंत आले आणि एका पानाशी थांबले.

'मंगळवार, दि. १२ फेब्रुवारी २०३०. सायं. ६.५०. धूर अत्यंत दाट, पूर्वेकडून. डोळे चुरचुरतात. खिडक्या लावून घेतल्या. स्रोत : परदेशी यांची भट्टी. आजच्या दिवशीही भट्टीवालीला माणुसकी नाही.'

त्याच दिवशी संध्याकाळी सव्वापाच वाजता आम्ही आईला अग्नी दिला होता.

स्मशानाच्या नोंदवहीतली ती ओळ मला बघायची गरज नव्हती, तरी बघितली. त्या संध्याकाळी नदीवर दुसरी चिता नव्हती.

अप्पा परतले तेव्हा टेबलावर वह्या आणि नोंदवहीची प्रत शेजारी शेजारी मांडलेली होती. ते चष्मा लावून बसले. मी सोमवार दाखवले, वेळा दाखवल्या. ते ऐकायला तयार नव्हते.

"स्मशानातला कारकून वेळा अंदाजाने टाकतो."

"सगळ्या?"

"ती बाई बदमाश आहे. कुणाचा अंत्यविधी आहे ते बघून त्या आडून पेटवत असेल."

"अप्पा, वीस वर्षं? पिंपळावर बसते का ती टेहळायला?"

"तुला तिचा पुळका आहे. मूठभर फुटाण्यांवर फितूर झालीस."

मला राग आला होता आणि रागाच्या भरात मी नववी वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. ते पान मी दाखवायला नको होतं असं मला अजूनही वाटतं. निदान तसं नको होतं, पुरावा फेकल्यासारखं.

त्यांनी वाचलं. स्वतःचं अक्षर त्यांनी दोनदा वाचलं.

"भट्टी चालू होती," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"तीन दिवस बंद होती. आई गेली म्हणून. भिजवलेला हरभरा त्यांनी गाईंना घातला."

"कुणी सांगितलं?"

"फुलामावशींनी. या पानाबद्दल त्यांना काही माहीत नाही."

श्वासाचा पंप त्यांनी हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मला भीती वाटली, म्हणून मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"घरी आलो. आंघोळ केली," ते म्हणाले. "इथे बसलो. त्या बाईला शिव्या घातल्या आणि खिडकी लावली."

"तुम्हाला माहीत नव्हतं अप्पा."

"खिडकी लावली मी, केतकी."

मी चहा केला. त्यांनी तो घेतला नाही.

पुढचे पाच दिवस त्यांनी मला पार जेरीस आणलं. सुनावणीला येणार का म्हणून विचारलं की, बघू. शपथपत्र मागे घेणार का, बघू. गॅलरीत बसणं सोडलं, वहीला हात लावला नाही, जेवताना एक शब्द नाही. गुरुवारी दुपारी त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि काहीतरी लिहिलं. मी दार वाजवलं तर म्हणाले, काम चालू आहे. मला खात्री होती की नवा तक्रारअर्ज तयार होतोय, बहुधा माझ्यावर.

शुक्रवारी वॉर्ड ऑफिसात साहेब होते, समितीचे दोन सदस्य होते, फुलाबाई पदर खोचून बसल्या होत्या आणि दारात सील लावणारा माणूस लाख घेऊन तयार होता. मी आधी माझं सांगितलं. त्रेचाळिसावा नमुना का नाही, तेही सांगितलं.

"मी रकान्यात 'स्रोत उपलब्ध नाही' लिहिलं, ते खोटं होतं," मी म्हणाले. "स्रोत रोज उपलब्ध होता. मला विचारायचा धीर झाला नाही. आणि त्याची शिक्षा भट्टीला होतेय."

सदस्यांपैकी एकजण कुजबुजला, पण शपथपत्र आहे ना. तेवढ्यात दारातून अप्पा आत आले. इस्त्रीचा सदरा, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत चौदा वह्या. जिना चढून त्यांना धाप लागली होती. मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

"मी तक्रारदार रंगराव खटावकर," ते म्हणाले. "छत्तीस वर्षं नोंदणी कार्यालयात होतो. आमच्याकडे नोंद झालेला कागद कुणाला खोडता येत नाही. चूक निघाली तर चूक दुरुस्ती लेख करायचा, तो मूळ कागदाला जोडायचा. जुना मजकूरही राहतो, चूकही राहते, दुरुस्तीही राहते. मी आज तसा लेख करून आणला आहे. माझ्या वह्यांतल्या धुराच्या वेळा बरोबर आहेत. डोळ्यांनी पाहिल्या तशा लिहिल्या. स्रोताचं नाव मी पाहिलं नव्हतं, ते मी ठरवलं होतं. सोमवारी चोरून पेटवते हेही मी पाहिलेलं नाही. ते शपथपत्र मी मागे घेतो."

"खटावकर साहेब, तुम्हीच वीस वर्षं..." नाईकनवरे म्हणाले.

"हो, मीच. म्हणून मलाच यावं लागलं."

सोमवारचा चेहरा त्रेचाळिसावा म्हणून संग्रहात घालून मी सगळ्यांसमोर हिशोब पुन्हा चालवला. लाल पाकळी आक्रसत आठ टक्क्यांवर आली. तिच्याशेजारी तेवीस टक्क्यांची एक नवी करडी पाकळी उघडली. आकडा पाहून साहेबांना हायसं वाटलेलं स्पष्ट दिसलं.

"पंचवीसच्या आत आहे. बरं झालं," ते म्हणाले. पाकळीवर काय लिहायचं याची चर्चा पाऊण तास चालली आणि शेवटी 'नदीकाठ' असं लिहायचं ठरलं. मला कामात कुचराई केल्याबद्दल मेमो मिळाला. तो मी घेतला, कारण तो बरोबर होता. लाखवाला कंटाळून कधीच निघून गेला होता.

बाहेर पायऱ्यांवर फुलाबाई थांबल्या होत्या. अप्पा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. वीस वर्षांत हे दोघे इतक्या जवळ कधी उभे राहिले नसतील.

"हरभऱ्याचं मला माहीत नव्हतं," अप्पा म्हणाले.

"सांगायची गोष्ट नव्हती ती."

"माझं चुकलं."

फुलाबाईंनी मान हलवली. "आता सोमवारचं माझ्या नावावर नका लिहू."

"नाही लिहिणार. पण तुमचे आठ टक्के आहेतच. चिमणी उंच करा."

"करते हो," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून डोळे फिरवले. "काय माणूस आहे गं तुझा बाप."

घरी येईपर्यंत सहा वाजून गेले. अप्पांनी नववी वही टेबलावर ठेवली आणि आठवड्यानंतर पहिल्यांदा गॅलरीतल्या खुर्चीवर जाऊन बसले. वहीच्या त्या पानाला टाचणीने एक कागद लावलेला होता. सुनावणीत त्यांनी हा वाचून दाखवला नव्हता. मी उभ्या उभ्याच वाचला.

'चूक दुरुस्ती लेख. वही क्र. ९, दि. १२ फेब्रुवारी २०३०, सायं. ६.५० ची नोंद. सदर नोंदीत धुराचा स्रोत "परदेशी यांची भट्टी" असा लिहिला गेला आहे, तो चुकीचा असून त्या जागी "सौ. इंदुमती रंगराव खटावकर" असे वाचावे. "भट्टीवालीला माणुसकी नाही" हे वाक्य रद्द. "धूर अत्यंत दाट, डोळे चुरचुरतात" हा मजकूर कायम.'

खाली सही, तारीख आणि वेळ होती.

पूर्वेकडून धूर यायला लागला होता. आज नदीवर कुणाचं तरी कुणीतरी असणार. त्या कणांचं काय होतं ते मला माहीत आहे, अप्पांची फुप्फुसं किती उरली आहेत तेही माहीत आहे. मी गॅलरीच्या खिडकीकडे हात नेला.

"राहू दे थोडा वेळ," अप्पा म्हणाले.

या माणसापुढे कपाळ बडवून घ्यावं असं मला दिवसातून दहा वेळा वाटतं, तसं तेव्हाही वाटलं. शेजारी बसून मी त्यांना पाच मिनिटं दिली. त्यांच्याच घड्याळात बघून मोजली आणि मग उठून खिडकी लावली.